उजव्या सीटवरून

डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीत उजवीकडे जो बसतो, त्याला काम असतं. भारतात काय किंवा न्यूझीलंडमध्ये काय, वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे अशा गाडीचा चालक गवताच्या कडेला बसलेला असतो. रस्त्याचा मध्य, समोरून येणारी वाहनं, पुढच्या ट्रकच्या पलीकडे काय आहे, हे सगळं शेजारच्याला आधी दिसतं. माझ्या वाट्याला ही सीट दोनदा आली. पहिल्यांदा फलटणला, सत्तरच्या दशकात, अण्णांच्या विलिस जीपमध्ये. दुसऱ्यांदा इथे ऑकलंडच्या हिल्सबरो भागात, ह्यांनी हौसेने घेतलेल्या १९६६च्या मस्टँगमध्ये. मधल्या काळात रस्ते बदलले, कायदे बदलले, देश बदलला. पुढच्या वाहनाला ओलांडून जाणं हे मात्र माझ्यासाठी दोन्हीकडे दोघांचंच काम राहिलं.

अण्णांची जीप दुसऱ्या महायुद्धातली. त्या युद्धासाठी विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या कितीतरी भारतात लष्कराच्या डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या. आजोबांनी त्यातलीच एक घेतली होती. साठ अश्वशक्तीचं इंजिन, दारं नाहीत, वायपर हाताने फिरवायचे. मागच्या पत्र्यावर इंग्रजीत ठळक पांढऱ्या अक्षरांत ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं रंगवलेलं. ही पाटी शोभेची नव्हती. या गाडीच्या चालकाला समोरचं नीट दिसत नाही आणि त्याचा हातही तुम्हाला दिसणार नाही, सांभाळून असा, हे मागच्याला सांगण्यासाठी ती होती.

हाताचा मुद्दा आज सांगितला तर मुलांना कळत नाही. तेव्हा वळायचं असलं, थांबायचं असलं, मागच्याला पुढे जाऊ द्यायचं असलं की चालक उजवा हात बाहेर काढून खूण करी. डावीकडे बसलेल्या माणसाचा उजवा हात बाहेर येणार कसा? म्हणून डाव्या स्टिअरिंगच्या वाहनाला विजेवर किंवा यंत्रावर चालणारा इशारा असलाच पाहिजे, असं कायदा सांगतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं १२०वं कलम त्यासाठीच आहे. आमच्या जीपचा दिवा कधी लागे, कधी नाही. मग उजव्या वळणाला माझा हात बाहेर जाई. दहा-अकरा वर्षांची मुलगी तळहात पुढे करून हात सरळ धरून बसली आहे आणि मागचा एसटीचा ड्रायव्हर तो इशारा मानून वेग कमी करतो आहे, याचा मला केवढा अभिमान वाटे! शाळेत कुणी मला एवढं महत्त्व देत नव्हतं.

फलटण–लोणंद किंवा फलटण–बारामती रस्ता तेव्हा जेमतेम एका वाहनापुरता डांबरी होता. दोन्ही बाजूंना मुरमाची साइडपट्टी, तिच्यापलीकडे बाभळी. समोरासमोर दोन वाहनं आली की दोघांनीही डावी चाकं मुरमावर उतरवायची. मागचा पुढे जायचा असेल तर पुढच्याने साइड द्यायची. हा ‘साइड देण्या’चा व्यवहार त्या रस्त्यांवरचा खरा कायदा होता. मागून हॉर्न वाजवायचा, वाट पाहायची, पुन्हा वाजवायचा. पुढच्याने ऐकलं की ट्रक हळूच डावीकडे झुके, मुरमाची धूळ उडे आणि ड्रायव्हरचा उजवा हात खिडकीतून बाहेर येऊन पुढे-मागे हले. या, जा. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेलं असे आणि ती विनंती लोक मनापासून पाळत. महाराष्ट्र सरकारने २०१५मध्ये ती अक्षरं लिहायला बंदी केली तेव्हा मी हिल्सबरोच्या स्वयंपाकघरात ती बातमी वाचली आणि बराच वेळ त्या धुळीचा वास आठवत राहिले.

तो हात अण्णांना दिसत नसे. ट्रकचा अवाढव्य मागचा भाग त्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीसारखा उभा असे. हात मला दिसे, पण अण्णांचा नियम वेगळा होता.

“तो हात दाखवतोय, ते त्याचं. तू मला रस्ता सांग. काय दिसतंय?”

“लांबपर्यंत मोकळाय, अण्णा.”

“मोकळाय नको. कुठपर्यंत दिसतंय, ते सांग.”

“त्या पिंपळापर्यंत. मग वळण आहे.”

‘जा’ हा शब्द मला उच्चारायची परवानगी नव्हती. ‘नको’ म्हणायची होती आणि मी ‘नको’ म्हटलं की अण्णा कारण न विचारता मागे राहत. जायचं की नाही हे ठरवणार ते. मी फक्त दिसेल ते सांगायचं. जगातल्या कितीतरी कामांत सांगणारा आणि ठरवणारा वेगळे असतात आणि तिथे घोटाळे होतात. अण्णांनी त्या दोघांमधली रेघ एवढी स्वच्छ आखली होती, की लहान मुलीच्या डोळ्यांवर ते जीव टाकू शकत होते आणि त्या जिवाचं ओझं मात्र तिच्या डोक्यावर ठेवत नव्हते. हे मला फार उशिरा कळलं, माझ्या स्वतःच्या मुलीला गाडी शिकवताना.

एकदा साखरवाडीच्या अलीकडे पुढच्या ट्रकवाल्याने हात केला. रस्ता रिकामा होता, निदान वाहन तरी कुठेच दिसत नव्हतं. पण बाभळींच्या शेंड्यांवर मला धूळ दिसली. वाऱ्याची धूळ पसरट असते. ही उभी चढत होती आणि पुढे सरकत होती. म्हणजे पलीकडच्या वळणावर कुणीतरी चाकं मुरमावर उतरवली होती. मी ‘नको’ म्हटलं. थोड्या वेळाने वळणातून उसाच्या बैलगाड्यांची रांग आणि तिला ओलांडून येणारी एसटी अशी दोन्ही एकदम पुढे आली. ट्रकवाल्याने वाईट मनाने हात केला नव्हता. त्याला जे दिसलं त्यावरून त्याने केला. त्याची केबिन उंच होती, पण त्याचं लक्ष त्याच्या रस्त्यावर होतं, आमच्या जीपला पुढे जायला किती वेळ लागेल याच्यावर नव्हतं. परक्या माणसाने दिलेली ‘ये’ची खूण कितीही प्रेमाची असली तरी तिच्यात आपल्या गाडीचा हिशोब नसतो, हे मला त्या हंगामात समजलं.

रात्री तर सगळं डिपरवर चाले. मागच्याने दिवे वर-खाली करून विचारायचं, पुढच्याने उजवा दिवा लुकलुकवून ‘ये’ म्हणायचं. तोच उजवा दिवा उजवीकडे वळायलाही लावायचा! आपल्याकडे महामार्गावर आजही हा दुहेरी अर्थ चालतो आणि तो जीवघेणा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता इकडचं सांगते. हिल्सबरो हा ऑकलंडच्या दक्षिण अंगाचा, मानुकाऊ बंदराच्या वरच्या टेकडीवरचा भाग. हिल्सबरो रोडच्या काही वळणांवरून खाली पाणी दिसतं आणि पलीकडच्या काठावर मांगेरेचा जुना ज्वालामुखी. जवळच मॉन्टे सेसिलिया पार्क आहे, त्यात १८७०च्या दशकातला पाह होमस्टेड हा जुना वाडा. भारतीय किराण्यासाठी सँडरिंगहॅमला जायचं, म्हणजे शेजारीच. आम्ही इथे आलो तेव्हा दक्षिण-पश्चिमेचा मोटरवे आमच्याजवळून पुढे गेलेला नव्हता. माउंट रॉस्किलचा टप्पा २००९मध्ये सुरू झाला आणि वॉटरव्ह्यूचे बोगदे २०१७मध्ये. आता घरातून निघालं की मोटरवे लगेच लागतो आणि पाऊण तासात आपण कुरणांच्या मधोमध, दोनपदरी रस्त्यावर असतो.

मस्टँग डाव्या स्टिअरिंगची का, असं मराठी मंडळात लोक विचारतात. कारण ती तशीच बनली. एप्रिल १९६४मध्ये पहिली मस्टँग बाजारात आली तेव्हापासून २०१५च्या सहाव्या पिढीपर्यंत फोर्डने उजव्या स्टिअरिंगची मस्टँग आपल्या कारखान्यात बनवलीच नाही. याउलट न्यूझीलंडमध्ये जुन्या शेव्हरोले बऱ्याचदा उजव्या स्टिअरिंगच्या दिसतात. त्या कॅनडातून सुट्या भागांत यायच्या आणि वेलिंग्टनजवळच्या पेटोनीच्या कारखान्यात जोडल्या जायच्या. तो कारखाना जनरल मोटर्सने १९२६मध्ये काढला. डाव्या स्टिअरिंगची गाडी इथे वीस वर्षांहून जुनी असेल तर स्टिअरिंग न बदलता चालवता येते. ह्यांना बदलायचं नव्हतंच. “गाडी जशी जन्मली तशी राहू दे,” म्हणाले.

पण काही गोष्टी बदलाव्या लागल्या, आणि माझ्या मते प्रत्येकाने बदलाव्यातच. कारखान्यातून या गाडीला बाहेरचा आरसा एकच येई, तोही डावीकडे, चालकाच्या दाराला. आपण डाव्या बाजूने चालणार, म्हणजे आपल्याला ओलांडणारा येणार उजवीकडून आणि उजवीकडे आरसाच नाही. तो पहिल्याच आठवड्यात लावला. हेडलाइट डाव्या बाजूच्या रहदारीसाठीचे बसवले, कारण मूळचे दिवे खाली केले की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जात. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे होते, पुढचे डिस्क करून घेतले. मागचे इंडिकेटर ब्रेकच्याच लाल दिव्यात आहेत, म्हणून वळायच्या किंवा बाहेर निघायच्या बऱ्याच आधी ते लावायची सवय केली. मागच्याला ते ओळखायला वेळ लागतो.

खरी गोष्ट मात्र अंतराची. ह्यांनी एका रविवारी वहीत आकृती काढून मला दाखवलं. ट्रक अडीच मीटर रुंद, आपण त्याच्या मागे नेमके मधोमध. उजव्या सीटवरच्या चालकाच्या डोळ्यापासून ट्रकच्या उजव्या कडेपर्यंत आडवं अंतर सुमारे तीन फूट. डाव्या सीटवरून तेच सव्वापाच. म्हणजे उजव्या सीटवाल्याला जेवढं दिसतं तेवढं दिसायला डाव्या सीटवाल्याने जवळजवळ दुप्पट मागे राहायला हवं. लोक नेमकं उलट करतात. दिसत नाही म्हणून पुढे-पुढे सरकतात, ट्रकला चिकटतात, आणि मग डोकावायला अर्धी गाडी मधल्या रेषेपलीकडे काढतात. समोरच्याला आधी दिसतो तो आपला उजवा हेडलाइट. आपल्याला तो दिसतो त्यानंतर. न्यूझीलंडचा रोड कोड दोन सेकंदांचं अंतर सांगतो, पावसात चार. आम्ही कोरड्यातही चार ठेवतो. ते भित्रेपण नव्हे. तेवढ्या मागून ट्रकच्या उजवीकडची वाटही दिसते आणि डाव्या वळणावर डाव्या कडेने ट्रकच्या पुढचा रस्ताही. डावीकडे बसलेल्या चालकाला हा एकच लाभ आहे. रस्ता डावीकडे वळतो तेव्हा त्याला आतल्या बाजूने दूरचं दिसतं. उजव्या वळणावर त्याला काहीच दिसत नाही आणि तिथे काम माझं.

आमच्या आवडीची वाट आफिटूची. मोटरवेने ड्रूरीपर्यंत, मग काराकाकडून ग्लेनब्रूक, वायुकू आणि पुढे मानुकाऊ हेड्सच्या दीपगृहापर्यंत. (ड्रूरीहून वळायच्या ऐवजी सरळ गेलं तर बॉम्बे नावाचं गाव लागतं. १८६३मध्ये वसाहतवाल्यांना घेऊन आलेल्या ‘बॉम्बे’ जहाजावरून ते नाव पडलं. तिथली लाल माती पाहून आमच्याकडच्या प्रत्येक पाहुण्याला गलबलून येतं.) ग्लेनब्रूकला पोलादाचा कारखाना आहे, त्यामुळे त्या रस्त्यावर लांबलचक ट्रक. पुढे कुरणं लागली की दुधाचे टँकर. वायुकूनंतर रस्ता चढ-उताराचा, अरुंद, सतत वळणारा.

इथे कुणी साइड मागत नाही. हॉर्न वाजवला तर लोक दचकतात, काही तरी झालं असं समजतात. नियम रस्त्यावरच रंगवलेला आहे. आपल्या बाजूला सलग पिवळी रेघ असेल तर ओलांडायचं नाही, प्रश्न संपला. रेघ नसेल तरीही ओलांडून आपल्या बाजूला परत येऊ तेव्हा समोर किमान शंभर मीटर रस्ता मोकळा दिसलाच पाहिजे. ऐकायला शंभर मीटर पुष्कळ वाटतात. मी हिशोब करून पाहिला. ट्रक ताशी ८०ने चालला आहे, आपण १००ने. ट्रक आणि ट्रेलर मिळून वीस मीटर. मागचं सुरक्षित अंतर, पुढे वळून येतानाचं अंतर आणि आपली गाडी धरली तर आपल्याला त्याच्यापेक्षा साधारण शंभर मीटर जास्त कापावे लागतात. त्याला अठरा सेकंद लागतात. अठरा सेकंदांत आपण पाचशे मीटर जातो आणि समोरून १००ने येणारा तेवढेच आपल्याकडे येतो. म्हणजे एक किलोमीटरहून जास्त रिकामा, सरळ, दिसणारा रस्ता हवा. आफिटूच्या रस्त्यावर तो नाही.

आणि ट्रक त्याच्या परवानगीच्या ९०ने चालला असेल तर? फरक फक्त दहाचा. तोच हिशोब छत्तीस सेकंदांवर जातो, एक किलोमीटर आपला, एक समोरच्याचा. वेगमर्यादा पाळून ओलांडणं मग जवळजवळ अशक्यच आहे. इथे १९७३च्या तेलटंचाईत मोकळ्या रस्त्याची मर्यादा ताशी पन्नास मैलांवर आणली होती. ती १९८५मध्ये १०० किलोमीटर झाली. तेव्हापासून ती तिथेच आहे, गाड्या मात्र फार पुढे गेल्या. आमच्या मस्टँगचं इंजिन ओलांडायला कमी पडत नाही. पण साठ वर्षांच्या गाडीत कमरेपुरता पट्टा बांधून बसलेलं असताना इंजिनाच्या जोरावर निर्णय घ्यायचा नसतो. आम्ही पासिंग लेनची वाट पाहतो. तिथे दुसरी मार्गिका असते, समोरच्याचा प्रश्न उरत नाही, आणि पासिंग लेन किती किलोमीटरवर आहे ते पाटीवर आधीच लिहिलेलं असतं. ती पाटी वाचून सांगणं हेही माझं काम.

फलटणच्या रस्त्यावरचा तो हात मला इथे अजून आठवतो. दोन अनोळखी माणसं धुळीतून एकमेकांशी बोलत होती, आणि पुढे गेल्यावर अण्णा हात उंच करून ट्रकवाल्याला सलाम करत. तसं इथे होत नाही. एखादा टँकरवाला क्वचित डावा दिवा लावून ‘मोकळं आहे’ सुचवतो. आम्ही हात करून आभार मानतो, आणि मी तरीही रस्ता बघूनच सांगते. तो जिव्हाळा परत यावा असं मला मनापासून वाटतं, पण त्या जिव्हाळ्याच्या भरवशावर ओलांडणं परत यावं असं मात्र वाटत नाही. त्या काळात माझ्या वर्गातल्या दोन मुलींचे वडील समोरासमोरच्या धडकेत गेले. आठवणींना कितीही गोडवा असला, तरी त्या घरांचं काय झालं ते विसरून मला त्या रस्त्याबद्दल लिहिता येणार नाही.

उलट इथे साइड देण्याचा आनंद आम्हाला मिळाला. वायुकूच्या पुढे चढावर आम्ही ७०ने जातो, मागे रोजच्या कामाची माणसं असतात. आरशात तीन-चार गाड्या दिसल्या की हे सुरक्षित जागा पाहून, डावा दिवा लावून, पूर्ण कडेला थांबतात. लोक हलकेच दोनदा हॉर्न वाजवतात, मुलं काचेला नाक लावून मस्टँगकडे बघतात. अण्णांना हे फार आवडलं असतं.

मागच्या खेपेला फलटणला गेले तर आळंदी–पंढरपूरचा पालखी मार्ग चौपदरी होत आलेला. बाभळी गेल्या, साइडपट्टी गेली. मधोमध दुभाजक आहे, त्यामुळे समोरच्याचा धोका पुष्कळ कमी झाला, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. पण भाचा गाडी चालवत होता, तो डावीकडूनही सर्रास ओलांडत होता आणि एकदा दुभाजकाच्या कडेने उलटा येणारा ट्रॅक्टर आला. मी सवयीने ओरडले, “नको, समोर ट्रॅक्टर!” तो हसला. मग वेग कमी केला, आणि पुढे जेजुरीपर्यंत मला विचारत राहिला, “मावशी, काय दिसतंय?”

आता मीही मस्टँग चालवते. मग उजव्या सीटवर हे असतात, आणि मोकळा रस्ता दिसला की ‘जा’ म्हणायचा त्यांना फार मोह होतो. चालकाच्या जागेवर इतकी वर्षं बसलेल्या माणसाला नुसतं सांगत राहणं जड जातं. मी त्यांना विचारते, कुठपर्यंत दिसतंय, त्या सायलोपर्यंत की पुलापर्यंत? हळूहळू जमायला लागलं आहे. फेब्रुवारीत तारानाकीच्या अमेरिकार्नाला जायचं म्हणतो आहोत, न्यू प्लीमथला, सगळ्या जुन्या अमेरिकन गाड्यांच्या मेळाव्याला. वाटेत अवाकिनोची खिंड आणि माउंट मेसेंजरची वळणं आहेत. जाताना मी चालवणार, येताना हे. खिंडीत आणि डोंगरावर कुणालाही ओलांडायचं नाही, हे आत्ताच ठरवलं आहे, आणि थांबायच्या जागा ह्यांनी नकाशावर पेन्सिलने मांडून ठेवल्या आहेत.